स्फुरदाची फेरी

नत्राचा साठा हवेत आहे. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू ते हवेतून जमिनीत आणतात. स्फुरदाला मात्र ही सोय नाही. ते येते खडकातून.

खडक झिजतो, स्फुरद मातीत मिसळते, मुळे ते शोषून घेतात. कडब्यातून ते गुरांच्या हाडामांसात जाते, आणि शेण व हाडे यांच्या वाटे परत मातीत येते. ही झाली जवळची फेरी.

पण बांध फुटला, माती ओढ्याला लागली, की तिच्याबरोबर स्फुरदही चालले समुद्राच्या तळाशी! तो तळ वर येऊन त्याचा खडक उघडा पडायला कोट्यवधी वर्षे लागतात. राजस्थानात उदेपूरजवळ झामरकोटडा येथे असा खडक १९६८ साली सापडला. तरी देशाची गरज त्यावर भागत नाही. बराचसा परदेशांतून आणावा लागतो.

तेव्हा आपल्या हाती काय आहे? पावसाळ्यापूर्वी बांध नीट करावा. शेणाच्या गोवऱ्या जाळल्या तर नत्र धुराबरोबर जाते. स्फुरद मात्र राखेत उरते, बरं का! ती राख रस्त्यावर न फेकता शेतात टाकावी. गेलेले स्फुरद आपल्या नातवंडांच्या हयातीतही परतणार नाही.