शब्द नसले तरी सांगायचे असते

(इचलकरंजी येथे पालक व मंडळीतील कार्यकर्त्यांसमोर एका विशेष शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



जखऱ्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. त्याची वाचा गेली होती. बाळाचे नाव काय ठेवायचे, असे लोकांनी त्याला खुणेने विचारले. त्याने पाटी मागितली आणि तिच्यावर योहान हे नाव लिहिले. वाचा नव्हती, पण सांगायचे होते, आणि पाटी आणून देणारे कोणीतरी जवळ होते. ज्या मुलांपर्यंत अशी पाटी अजून पोचलेली नाही, त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे.

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांपैकी दहातली सुमारे तीन मुले शाळेच्या वयात येऊनही फार थोडे शब्द बोलतात किंवा मुळीच बोलत नाहीत. लोक त्यांना मुकी म्हणतात, हट्टी म्हणतात. काही जण आईला दोष देतात. आईबापाच्या वागण्यामुळे ऑटिझम होत नाही, हे आधी मनाशी पक्के करा.

इथल्याच एका यंत्रमाग कामगाराचा नऊ वर्षांचा मुलगा माझ्याकडे येत असे. एक शब्द बोलत नव्हता. काही दिवस तो स्वतःच्या गालावर जोरजोरात मारून घेऊ लागला. आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, तो हट्ट समजून दुर्लक्ष केले. शेवटी दाढ किडून आतून पू झाल्याचे कळले. इतके दिवस ते लेकरू आपल्या परीने सांगतच होते. ती चूक मी विसरलेली नाही. त्यानंतर आम्ही ‘दुखतंय’ या चित्राला खाऊच्या चित्राइतकेच महत्त्व देऊ लागलो.

चित्रे सुरू करताना त्याच्या आईने विचारले, “ताई, चित्रंच द्यायला लागला तर बोलायचा कसा?” मी उत्तर देण्याआधी वडीलच म्हणाले, “मागाच्या आवाजात आम्ही तरी कुठं बोलतोय? हातानंच सांगतोय की.”

आईची भीती मात्र खरी होती, म्हणून तिचे उत्तर द्यायला हवे. अमेरिकेत कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ६१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुले ५ ते ८ वर्षांची होती आणि स्वतःहून वीसपेक्षा कमी शब्द वापरत होती. सर्वांना खेळातून संवाद शिकवला. काहींना सुरुवातीपासून बोलणारे यंत्रही दिले, म्हणजे चित्र दाबले की शब्द ऐकू येतो. यंत्र मिळालेली मुले स्वतःहून जास्त बोलू-सांगू लागली. चित्रामुळे जीभ आळशी होत नाही. आणि पाच-सहा वर्षे उलटली म्हणजे वेळ गेली, असेही नाही.

आता घरी काय करायचे? आधी कान तपासून घ्या. मग मुलाला मनापासून आवडणारी एक वस्तू निवडा आणि तिचे चित्र किंवा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवा. सुरुवातीला दोन माणसे लागतात. एकाने वस्तू घेऊन समोर बसावे. दुसऱ्याने मागे बसून, मुलाने वस्तूकडे हात केला की तोच हात धरून चित्र समोरच्याच्या हातात द्यायला लावावे. चित्र हातात येताच वस्तू द्या आणि तिचे नाव घ्या. “काय पाहिजे?” असे विचारू नका, नाहीतर मूल विचारण्याचीच वाट पाहत बसते. मागच्याने मदत हळूहळू कमी करावी. ही पद्धत अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेत सुरू केली.

पुढे ‘नको’, ‘पुरे’, ‘मदत’, ‘दुखतंय’ ही चित्रे आणा. ‘नको’ म्हणता येणाऱ्या मुलाला चावावे लागत नाही. पण त्याने ‘नको’ दाखवले, तर ते ऐकले पाहिजे. “बोल, मगच देईन” असे म्हणून भुकेल्या मुलाला अडवू नका. हा सल्ला मीही एके काळी दिला आहे, आणि तो चुकीचा होता.

शब्द घरच्या भाषेतले असू द्या. घरी कानडी असेल तर कानडी, आश्रमशाळेतल्या मुलाच्या घरी भिली असेल तर भिली. चित्रेही त्याच्या घरातली हवीत: भाकरी, गोधडी, शेळी. स्मार्टफोन असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे अ‍ॅप विनामूल्य आहे आणि ते मराठीतही चालते. नसेल तर पुठ्ठा पुरतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्रासाठी सरकारी दवाखान्यात खेटे घालावे लागतात आणि आईबापाचा रोज बुडतो. मंडळीतील कोणी सोबत गेले, तर तीही मोठी मदत आहे.

शेवटी एक विनंती. रविवारच्या शाळेत असे मूल आले तर दारातून परत पाठवू नका. त्याच्या हातात चित्र असेल तर आपला हात पुढे करा, आणि थांबा. मनात दहा आकडे मोजा. त्याला वेळ लागतो.

तो मुलगा अजून तीन-चारच शब्द बोलतो. पण परवा त्याने आईला पुठ्ठ्यावर ‘डोकं’ आणि ‘दुखतंय’ दाखवले. आईने कपाळावर हात ठेवला. ताप होता. त्याच दिवशी औषध मिळाले.