झाकून ठेवलेली भाकरी

कविता लिहिणाऱ्या माणसानं कथेबद्दल बोलावं, हा तसा आगाऊपणाच. पण कथा कशी लिहू नये, याचा अनुभव माझ्या गाठीशी भरपूर आहे. तोच सांगतो.

माझे मामू जहाजावर खलाशी होते. एका सफरीवर गेले, ते परतले नाहीत. बी.ए.ला असताना मी त्यांच्यावर कथा लिहिली. काळजाला घरं पडली, अश्रूंचे पाट वाहिले, सगळं तिच्यात होतं. नानीला वाचता येत नव्हतं, म्हणून घोलवडच्या आमच्या ओटीवर बसून मी मोठ्या हौशीनं तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "चांगलं लिहिलंस बेटा. पण हे कोणाच्या घरातलं?" मग थोड्या वेळानं स्वतःच सांगू लागली, "खबर आली त्या रात्री मी त्याच्या वाटणीची भाकरी झाकून ठेवली. सकाळी कोंबड्यांना घातली. रात्री पुन्हा एक झाकली."

माझ्या चार पानांत जे मावलं नव्हतं, ते त्या भाकरीत होतं.

पुढे वारली चित्रं नीट पाहू लागलो, तेव्हा नानीचं बोलणं अधिक समजलं. डहाणू तालुक्यातल्या गंजाड परिसरातले जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. या चित्रांतला माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण आणि वर एक गोल. ना नाक, ना डोळे. तरी कोण लावणी करतंय, कोण जाळं ओढतंय, कोण नाचतंय, हे लांबूनही कळतं. चेहरा नसला तरी कंबर किती वाकली आहे, हे चित्रकार दाखवतो.

आमच्या शेजारच्या बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी मुलांच्या हातात खडे, शिंपले, पानं दिली. परिसरातल्या वस्तूंवरून मूल शिकतं, हे त्यांनी ओळखलं होतं. गोष्ट ऐकणाऱ्याचंही तसंच असतं. एकदा मुलांना गोष्ट सांगताना मी म्हणालो, "राजा फार दुःखी झाला." पुढे बसलेल्या पोरानं लगेच विचारलं, "म्हंजे काय केलं त्यानं?" मला उत्तर सुचेना. माझ्या राजाला मी काही करायलाच दिलं नव्हतं.

तेव्हापासून लिहिलेलं आधी कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवतो. ऐकणारा कुठे चुळबुळ करतो, ते पाहतो. बहुतेक वेळा तिथं मी विशेषणांची आरास मांडलेली असते. ती काढतो.

मामूंची कथा मी पुन्हा लिहिली, पण फार उशिरा. ऐकायला नानी नव्हती. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा. "तेव्हा कसं वाटलं?" असं विचारू नका. "त्या दिवशी तुम्ही काय केलंत?" असं विचारा. आणि मध्ये बोलू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)