आठवड्याचा बाजार आणि घरची काटकसर
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



बक्षीससमारंभ आणि भोजन यांच्यामध्ये वाणसामानाचा विषय निघावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत विखुरलेल्या आपल्या कुटुंबांत दर आठवड्यास निघणारा विषय हाच असल्यामुळे त्यावर चार शब्द बोलण्याची कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली आहे.

आरंभी घरचाच अनुभव सांगतो. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला तेव्हा आमचे वडील गिरणीत होते. पगार बंद झाला आणि सामान वाण्याच्या वहीवर येऊ लागले. त्या वाण्याने आम्हांस उपाशी ठेवले नाही, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. मात्र आईने डाळीचा भाव विचारला की तो वहीकडे बोट दाखवी. उधारीने घेणारास भाव विचारण्याचा अधिकार राहत नाही, हा धडा आम्ही त्या वयात शिकलो. तेव्हापासून काटकसरीचा अर्थ आमच्यापुरता ठरला आहे : भाव विचारण्याचा आपला अधिकार राखणे.

त्यासाठी पहिली गोष्ट यादी. संध्याकाळी लोकलमधून उतरून, भुकेल्या पोटी, स्टेशनाबाहेर दिसेल ती भाजी घेण्याची आपणा सर्वांस सवय आहे. दोन दिवसांत मेथी पिवळी पडते आणि केराच्या डब्यात जाते. रविवारी सकाळी घरातील डबे उघडून पाहावेत, सात दिवसांच्या भाज्या ठरवाव्यात आणि मगच पिशवी उचलावी. पालेभाज्या आधी संपवाव्यात. दुधी, कोबी, सुरण मागे ठेवावेत. आमच्या घरी तीन महिने जमाखर्च लिहिला, तेव्हा न ठरवता घेतलेल्या जिनसांचीच बेरीज डोळ्यांत भरली.

दुसरी गोष्ट हिशेब. समजा, ४०० ग्रॅमचा पुडा ६० रुपयांस आणि ५०० ग्रॅमचा ७० रुपयांस आहे. पहिला स्वस्त दिसतो. परंतु किलोस तो १५० रुपये पडतो आणि दुसरा १४० रुपये. मोठा पुडा नेहमीच स्वस्त पडतो असेही नाही. छापील किंमत ही कमाल किंमत असते, त्याहून कमी घेण्यास दुकानदार मोकळा असतो, हेही ध्यानात असावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गावी उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून ठेवीत. तेच आम्ही उपनगरातील दोन खोल्यांत करून पाहिले. तांदळाचे पोते घेतले. पावसाळ्यात त्यात पोरकिडे झाले आणि वाचलेले पैसे वाया गेले. पुढल्या वर्षी एकाच जिन्यावरील चार बिऱ्हाडांनी मिळून पोते घेतले व त्याच दिवशी वाटून टाकले. घाऊक भाव मिळाला आणि साठवणीची चिंता उरली नाही.

यात आमची बुद्धी काही विशेष नाही. इंग्लंडात रॉचडेल येथे १८४४ साली २८ कारागिरांनी पीठ, लोणी, साखर अशा मोजक्या जिनसांवर आपले सहकारी दुकान मांडले. मुंबईत १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत ‘अपना बाजार’ उभा राहिला. १९७२ साली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन गृहिणी रस्त्यावर आल्या. त्यांच्या पुढारी मृणालताई गोरे आपल्या उपनगरातील गोरेगावच्याच. आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारच्या कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची मागणी आधी नोंदवावी, माल एकत्र खरेदी होऊन संघातील एका घरी यावा आणि सभासदांनीच तो वाटून घ्यावा, ही तिची पद्धत. काय हवे ते आधी ठरते, म्हणून यादीही आपोआप होते.

आमची विनंती एवढीच की, प्रत्येक उपनगरातील दहा कुटुंबांनी तांदूळ व तूरडाळ या दोनच जिनसा तीन महिने एकत्र घेऊन पाहाव्यात आणि पुढील संमेलनात हिशेब वाचावा. शेजारी कोणत्याही ज्ञातीचा असो, त्यास सामील करावे. डाळीचा भाव ज्ञात पाहून चढत नाही. एखाद्या घरचा पगार थांबला असेल, तर त्याची पिशवी इतरांबरोबर, त्याच भावाने भरावी. पैसे सवडीने यावेत आणि ती गोष्ट चौघांत बोलली जाऊ नये. आमच्या आईस असा दहा घरांचा आधार असता, तर तिने भाव विचारणे सोडले नसते.

पाने मांडली गेली आहेत. आपला अधिक वेळ घेत नाही.