बुडालेले गाव आणि हलविलेला पूल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी बुडालेल्या गावाची कथा सांगणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु घरापासून दूर राहणाऱ्यांनी ती ऐकावी, असे आम्हांस मनापासून वाटते.

इंग्लंडात डर्बीशायरमध्ये डर्वेंट नदीची दरी आहे. वर उघडे माळ, उतारावर मेंढरांची कुरणे, आणि तळाशी डर्वेंट व ॲशॉप्टन ही दोन लहान गावे. शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम आणि लेस्टर या शहरांना पाणी हवे होते. १९३५ साली लेडीबाउअर धरणाचे काम सुरू झाले आणि दोन्ही गावांचे भवितव्य ठरले. मार्च १९४३ मध्ये डर्वेंटच्या चर्चमध्ये अखेरची प्रार्थना झाली. दफनभूमीतील पूर्वजांचे अवशेषही बॅमफर्ड गावी हलवावे लागले. चर्चचा मनोरा तेवढा राखला होता. १९४७ साली तोही पाडला. १९७६, १९९५, २०१८ आणि २०२२ च्या अवर्षणांत पाणी ओसरले, तेव्हा डर्वेंटचे भग्नावशेष पाहावयास लोकांची रीघ लागली.

हे वाचताना आम्हांस मुळशीचे स्मरण झाले. सेनापती बापटांसह तेथील मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला. तरीही धरण झालेच. शहराच्या दिव्यांची आणि नळांची किंमत कुठल्यातरी खोऱ्याने मोजलेली असते.

तथापि डर्वेंटची एक वस्तू वाचली. ओझ्याच्या तट्टांसाठी बांधलेला सतराव्या शतकातील दगडी पूल गावात होता. त्याच्या दगडांना क्रमांक घालून तो उतरविण्यात आला आणि १९५९ साली नदीच्या वरच्या अंगास, स्लिपरी स्टोन्स येथे, पुन्हा उभारण्यात आला. तो संग्रहालयात ठेवला नाही. नदी तीच, आणि आजही पायी फिरणारे त्यावरूनच पैलतीरी जातात.

गेली पन्नास वर्षे आपणही दगड उतरवून आणीत आहोत. गणेशोत्सव आणला, ग्रंथालय आणले, नाटके आणली. पण आपली मुले घरात मराठी ऐकतात आणि उत्तर देतात ते येथील भाषेत. त्यांना बोल लावण्यापूर्वी आपण स्वतःस विचारावे : त्यांच्या नित्याच्या वाटेवर आपण हा पूल बांधला, की केवळ वर्षातून एकदा दर्शनास ठेवला?

गाव उचलून आणता येत नाही, हे आपण सर्वांनी सोसले आहे. पूल मात्र आणता येतो. त्यावरून रोज कोणीतरी चालले पाहिजे. पुढच्या पन्नास वर्षांसाठी मंडळाने एवढा एकच संकल्प करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.