कोंडलेल्या हवेचा जोर

अंधेरीजवळ वेसाव्याच्या खाडींतील होडीचें लहान इंजिन बॅटरीनेंही सुरू होतें. मुंबई बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजाचें डीझेल इंजिन मात्र घराएवढें. सुमारें ३० बार दाबाची हवा त्याच्या सिलिंडरांत क्रमानें सोडतात. दट्ट्या खालीं रेटला जातो, इंजिन फिरूं लागतें आणि मग तेल पेटतें.

पंखा थेट इंजिनाला जोडलेला असला, तर मागें जाण्यासाठीं इंजिनच थांबवून उलट सुरू करावें लागतें. म्हणून पुन्हा न भरतां १२ वेळां इंजिन सुरू होईल, एवढी हवा टाक्यांत हवी, असा नियम आहे. ऐन धक्क्याजवळ ती संपली, तर कप्तानाचे हातच बांधले जातात!

खरा धोका निराळाच. नळांत वंगण साचलें आणि गळक्या झडपेंतून ज्वाळा शिरली, तर स्फोट होतो. यासाठीं ज्वाळा अडविणारें साधन बसवितात व टाक्यांच्या तळाचें पाणी-तेल नित्य काढून टाकतात.