घरकर्ज आणि अडलेला कागद

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार दोन प्रकारचा आहे. एक म्हणजे आम्ही बँकेत कारकून आहोत आणि गेली काही वर्षे कर्ज विभागाच्या टेबलावर बसून लोकांचे कागद तपासत आहोत. दुसरा म्हणजे आमचे स्वतःचेच घरकर्ज एका कागदापायी बुडता बुडता वाचले. पहिल्यापेक्षा दुसऱ्या अधिकाराने आम्हाला जास्त शिकवले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

२०१९ सालची गोष्ट. भाड्याच्या दोन खोल्यांत बारा वर्षे काढल्यावर आम्ही उभयतांनी ठाणे जिल्ह्यातील एका जुन्या गृहनिर्माण संस्थेतला फ्लॅट घ्यायचे ठरवले. विकणारे गृहस्थ सज्जन होते. बयाणा म्हणून दोन लाख रुपये दिले. त्यासाठी आईने पतपेढीतली तिची ठेव मोडली होती. करारनामा नोंदवला, मुद्रांक शुल्क भरले. करारात एक कलम असे होते की उरलेली रक्कम ६० दिवसांत दिली नाही तर करार रद्द आणि बयाणा जप्त. ते कलम आम्ही वाचले नव्हते असे नाही. पण ६० दिवस पुष्कळ झाले असे वाटले. बँकेतल्या माणसाला बँकेचे कर्ज मिळायला कितीसा वेळ लागणार!

बँकेच्या पॅनेलवरील वकिलांनी फाइल पाहिली आणि १९८८ सालचा पहिला करार मागितला, म्हणजे बिल्डर आणि अगदी पहिला खरेदीदार यांच्यातला. आमचे विक्रेते दुसरे मालक. त्यांनीही कर्ज काढूनच फ्लॅट घेतला होता. ते कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटले होते, पण फिटल्याच्या आनंदात मूळ कागद परत आणायचे राहून गेले. आता मागायला गेल्यावर कळले की कागद शाखेत नसतात, दुसऱ्या शहरातल्या मध्यवर्ती गोदामात असतात. आज या, उद्या या. अर्जाची पोच कोणी देईना.

बँक मूळ कागदासाठी एवढी अडून का बसते, असे लोक आम्हाला रागाने विचारतात. त्याचे उत्तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. मालमत्तेचे हक्कलेख सावकाराच्या स्वाधीन करणे हाच त्या कायद्यात गहाणाचा एक प्रकार आहे, आणि बहुतेक घरकर्जे त्याच प्रकारची असतात. तेव्हा कागद हेच गहाण. झेरॉक्सवर ते होत नाही. शिवाय पहिल्या मालकापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत करारांची साखळी अखंड लागते. मधली एक कडी नसेल तर उद्या कोणी तरी तीच कडी हातात घेऊन दुसऱ्या बँकेत कर्ज मागायला जाईल. असे प्रकार झालेले आहेत.

एक्केचाळिसाव्या दिवशी कागदांचे पाकीट आले. आत विक्रेत्यांचा स्वतःचा करार होता, संस्थेचा भाग दाखला होता, १९८८ चा करार मात्र नव्हता. आमच्याकडे तो आलाच नव्हता, असे तिथले अधिकारी म्हणाले. दिला होता, असे विक्रेते म्हणाले. कर्ज घेताना जमा केलेल्या कागदांच्या यादीवर सहीशिक्का घेतलेली प्रत कोणाजवळच नव्हती. त्या रात्री आमच्या घरात कोणी फारसे बोलले नाही. आई तेवढी म्हणाली, "पैसे गेले तर गेले, तुम्ही जेवा."

मग आम्ही दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेलो. नोंदवलेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल तिथे मिळते, हे आम्ही शेकडो ग्राहकांना सांगितले होते. स्वतः मात्र प्रथमच रांगेत उभे राहिलो. वर्ष ठाऊक होते, दस्त क्रमांक ठाऊक नव्हता. नावावरून शोध घेतला तर सापडेना, कारण पहिल्या खरेदीदाराचे नाव सूचीत वेगळ्याच तऱ्हेने लिहिलेले. आम्ही मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. झालो आहोत. पाठभेद फक्त जुन्या पोथ्यांत असतात अशी तोवर आमची समजूत होती! दुसऱ्या खेपेला दस्त सापडला.

नकलेने काम संपत नाही. मूळ दस्त हरवल्याची पोलिसांकडे नोंद, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, कोणाची हरकत आली तर ती ऐकण्यासाठी चौदा दिवसांची वाट, विक्रेत्यांचे प्रतिज्ञापत्र आणि नुकसानभरपाईचा बंधपत्र, एवढे सगळे लागले. साठ दिवस यात पुरणार नाहीत, हे दिसतच होते.

बावन्नाव्या दिवशी आम्ही विक्रेत्यांकडे गेलो आणि मुदत ४५ दिवसांनी वाढवणारा पुरवणी करार पुढे ठेवला. त्यांच्या मुलाने स्पष्ट सांगितले की दुसरे गिऱ्हाईक जास्त पैसे द्यायला तयार आहे. त्याचे चुकले असे आजही आम्ही म्हणणार नाही. पण म्हातारे गृहस्थ म्हणाले, कागद आपल्याकडून हरवला आहे, त्यांच्याकडून नाही. पुढच्या महिन्यापासून संस्थेचा देखभाल खर्च आम्ही भरायचा, एवढ्या अटीवर त्यांनी सही केली. हा करारही आम्ही नोंदवून घेतला. सत्त्याण्णवाव्या दिवशी कर्जाचा धनादेश निघाला.

साठावा दिवस उलटून गेल्यावर गेलो असतो तर त्या गृहस्थांच्या सज्जनपणाचाही उपयोग झाला नसता. आमच्या टेबलावर येणारी माणसे नेमके हेच करतात. मुदत संपल्यावर येतात आणि मग साहेबांना भेटवा म्हणतात. तेव्हा करार करतानाच "कर्ज मंजुरीस विलंब झाल्यास मुदतवाढ" हे शब्द घालून घ्या. त्याहून बरे म्हणजे बयाणा देण्याआधीच साखळीतले सगळे करार मागा, आणि त्यांतला सर्वांत जुना आधी पाहा. नवे कागद सगळ्यांकडे असतात.

नावाचा घोळ आपल्याकडे अधिक होतो. वडिलांचे आडनाव एक, मुलाने लावलेले दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच, अशी घरे या सभागृहातही असतील. बँकेचा संगणक हा इतिहास जाणत नाही. आधार, पॅन आणि दाखला यांवरील नावे जुळत नसतील तर राजपत्रातील नावबदलाची प्रक्रिया आजच सुरू करा. घर पसंत पडल्यावर ती सुरू केली तर घर थांबत नाही.

आमच्या वेळी नसलेली एक सोय आता झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात. उशीर कर्ज देणाऱ्याकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. कागद हरवले तर नकला मिळवून देण्यात मदत करण्याची आणि त्याचा खर्च सोसण्याची जबाबदारीही त्याचीच आहे, फक्त त्यासाठी त्याला आणखी ३० दिवस मिळतात. सरकारी कार्यालयांसाठी २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवेला ठरावीक मुदत असते आणि ती टळली तर अपील करता येते. मात्र हातात पोच नसेल तर मुदत कोणत्या दिवसापासून मोजणार? काउंटरवरचा माणूस पोच द्यायला कंटाळतो, हे आम्ही त्याच जातीचे असल्यामुळे सांगू शकतो. त्याच्यावर ओरडू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का मिळेपर्यंत शांतपणे उभे राहा.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी पाठवली आहे. ज्यांचे अर्ज अडकले असतील त्यांनी चहापानानंतर आम्हाला अवश्य भेटावे, मागच्या खोलीत आम्ही बसणार आहोत. कागदांच्या झेरॉक्स बरोबर आणल्या असतील तर उत्तम. मूळ कागद कोणी आणले असतील तर ते पिशवीतून बाहेर काढू नयेत, इथे गर्दी फार आहे.