गरम गरम ताट

गटाचं बँकेचं कर्ज फिटलं, तेव्हा आम्ही पोफळीच्या बायका चिपळूणला चायनीज हॉटेलात जेवायला गेलो. बचतीला हात लावला नाही, प्रत्येकीने आपापले पैसे काढले.

मेनूकार्ड बघून सगळ्या गप्प. शेवटी वेटरदादांनाच विचारून व्हेज मंचुरियन आणि फ्राइड राइस मागवला. आमच्यातल्या एक काकी म्हणाल्या, "अगो, ही तर कोबीची भजी रश्शात सोडल्यान!"

काकींचं फारसं चुकलं नाही. मंचुरियन चीनचं नाही, आपल्या मुंबईचं. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास ते मुंबईत पहिल्यांदा केलं, असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच. गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि दाटपणाला कॉर्नफ्लॉवर.

पण चवीपेक्षा आम्हाला आठवतं ते गरम ताट. घरी सगळ्यांना वाढून झाल्यावर आपल्या वाट्याला गार भात आणि तळाची आमटी. म्हणून आम्ही ठरवलं, रात्री घरातल्यांबरोबरच जेवायला बसायचं. काही घरांत कुरकुर झाली, तरी बसतो. वाढायचं भांडं मध्ये ठेवलं की ज्याचं तो घेतो.

मैत्रिणींनो, आज ताटं मांडाल, तेव्हा एक स्वतःचंही मांडा.